लाल गाडीतला पिवळा दिवा

घणसोली गाव,
५ जानेवारी १९९७

चि. प्रितेशला आजीचे पोटभर आशीर्वाद.

मी तुझी आजी, धोंडूबाई. विसरला असशील म्हणून ओळख देते. मागच्या पत्रात तू गाडीच्या टायरांची हवा विचारलीस, माझे गुडघे मात्र राहून गेले. दुखतायत. मी सांगते आणि तुझी बहीण दिशा लिहिते. मध्येच हसते, तेव्हा काय लिहिते देव जाणे.

तुझ्या त्या लाल, दोन दारांच्या म्हाताऱ्या जपानी गाडीत पिवळा दिवा लागलाय. इंजिन चालू केलं की लागतो, विझत नाही. दर रविवारी इंजिन फिरवून जाणारा कृष्णात मेकॅनिक म्हणतो, आतला कॉम्प्युटर गेला, इथे मिळायचा नाही, विकून टाका. कळंबोलीचं गिऱ्हाईकही त्याने बघून ठेवलंय. आजार सांगणारा आणि तिरडी आणणारा एकच माणूस, हे मला पटत नाही.

तुझा बाप रामचंद्र विकाही म्हणत नाही, ठेवाही म्हणत नाही. तू शारजाला निघताना त्याने बजावलं होतं, गाडी विक, नाहीतर मला पत्र टाकू नकोस. तू गाडी ठेवलीस, त्याला पत्र टाकलं नाहीस. बापासारखाच हट्टी. गिऱ्हाईक फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी येणार. त्याआधी कळव. जेवत जा.

तुझी आजी (अक्षर दिशाचं)


शारजा,
१७ जानेवारी १९९७

ती. आजीच्या चरणी प्रितेशचा नमस्कार.

गुडघ्यांची माफी. मलम पाठवतो.

आजी, गाडी जाऊ देऊ नकोस. स्वतःच्या पसंतीने मी घेतलेली ती एकच गोष्ट आहे. कृष्णातला न सांगता एक कर. बॉनेटखाली काळी डबी आहे. सोबतच्या चित्रात दाखवलेल्या दोन भोकांत दिशाला केसांची पिन घालायला सांग. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवायची. मग तोच दिवा उघडझाप करून दुखणं सांगतो. वाचता यायला नको, मोजता यायला हवं, आणि बाजारात पापलेटं मोजून विकताना तू भल्याभल्यांना घाम फोडलायस.

दोनदा लागून, थांबून, एकदा लागला, तर कॉम्प्युटर ठीक आहे. धुराच्या नळीतला सेन्सर गेलाय. शिसं घातलेल्या साध्या पेट्रोलने तो मरतो. मी कायम बिनशिशाचंच भरायचो. म्हणजे कुणीतरी गाडी बाहेर काढतोय आणि साधं पेट्रोल घालतोय. माझा संशय कृष्णातवर आहे. तू बघ.

माया असू दे.

तुझा प्रितेश


घणसोली गाव,
५ फेब्रुवारी १९९७

चि. प्रितेशला आशीर्वाद.

दिवा दोनदा लागला, थांबला, एकदा लागला. पुन्हा पुन्हा तेच. दिशाची मोजणी चुकली, माझी नाही.

कृष्णातला धरलं. त्याने मुलीची शपथ घेतली की गाडी फाटकाबाहेर नेली नाही, कॉम्प्युटरचं मात्र अंदाजाने ठोकून दिल्याचं कबूल केलं. शपथा ऐकून मी कधी मासळी दिली नाही. शुक्रवारी गाडीच्या मागे चटई टाकून तिच्यावर जवळा वाळत घातला आणि सगळ्यांदेखत बाजाराला गेले. गाडी काढायची तर चटई उचलावीच लागणार.

परत आले तर चटई जागच्या जागी. पण मी जवळा मुद्दाम ढिगाने टाकला होता, तो आता पातळ पसरलेला, आणि त्यातली बारकी मासळी निवडून कडेला लावलेली. कृष्णात घाटावरचा, जवळा दिसला की नाकाला रुमाल लावतो. ही निवडायची सवय मी चापट्या मारून एकालाच लावलीय. शुक्रवारी कंपनीची सुट्टीही त्यालाच असते.

रामचंद्राला विचारलं. आधी म्हणाला, इंजिनाला व्यायाम लागतो. कुठवर, तर न्हावा शेव्याच्या बंदरापर्यंत. तू कामाला होतास त्या गेटसमोर चहा पितो आणि परत येतो, म्हणाला. चहा घरातही मिळतो.

रविवारी गिऱ्हाईक आलं. तुझ्या बापाने तोंड वर करून सांगितलं, किल्ली हरवली. ती शर्टाच्या खिशातून डोकावत होती, कृष्णातनेही पाहिली. माणूस चहा न घेता गेला.

त्याच्या साध्या पेट्रोलने सेन्सर मेला, हे तुझ्या बापाला मी सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस, त्याला, वेगळ्या पाकिटाने.

आमची आठवण पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

सेन्सर पाठवशील त्याच्यासोबत खजूर पाठव, मऊ, बी काढलेला. पुड्यावर माझं नाव घालू नकोस, बापाचं घाल. त्यातला मला किती देतो, ते मी बघणार आहे.