लेकीसारखी

१६ मार्च २०२०, सोमवार

पोचले एकदाची. गेवराईहून चकलांब्यापर्यंत एसटी आणि पुढं सहा किलोमीटर राधाकिशनकाकांच्या जीपमध्ये. पेटी, वळकटी आणि आईनं दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, तिन्ही शाबूत!

उपकेंद्रात नर्स म्हणून ही माझी पहिली नेमणूक. गावात खोली मिळत नव्हती. इथल्या आशा कार्यकर्त्या बायनाबाई यांनी काकांकडे शब्द टाकला. काका माजी सरपंच. त्यांची वस्ती गावापासून वीस मिनिटं चालत, शेतात. अंगणात हौद, लिंबाची दोन झाडं, मागं विहिरीजवळ कापूस ठेवायची पत्र्याची खोली. घरात काका आणि छबुबाईकाकू दोघंच असतात. एकुलता एक मुलगा सुरज पुण्याकडं कंपनीत आहे.

काकूंनी दारातच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. म्हणाल्या, "मला लेक न्हाई म्हणून लई वाईट वाटायचं. आता हाय." मला हसू आलं आणि डोळेही भरले. आईला लगेच फोन केला. रेंज फक्त हौदाच्या काठावर उभं राहिलं की येते.

२२ मार्च, रविवार

संध्याकाळी पाचला सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. काकूंनी परात इतकी बडवली की काठ चेपला. काका म्हणाले, तुमच्यासारख्यांसाठीच वाजवतोय, मोहिनीताई. लाजल्यासारखं झालं.

३० मार्च, सोमवार

सगळं बंद. गावानं कोरोना समिती केली, काका अध्यक्ष. जेसीबी आणून रस्त्यावर आडवा चर खणला. बाहेरचं कुणी आत येणार नाही, मग तो गावातल्या माणसाचा सख्खा मुलगा का असेना, असा ठराव झाला.

घरात रोज काहीतरी खटका उडतो. मी घरोघर तपासणीला जाते, म्हणून आल्यावर हौदावर अंघोळ करून, कपडे भिजवूनच आत येते. माझं ताट वेगळं ठेवा म्हटलं तर काकू रुसल्या. लेकीचं ताट येगळं कावून, म्हणे. ओट्यावर पत्त्यांचा डाव बसायचा, त्यावरून मी काकांना बोलले. त्यांनी डाव मोडला, पण दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी जीप काढून स्वतःच उपकेंद्रात सोडलं. वाटेत म्हणाले, तुमचं खरं हाय, आमीच येड्यावानी करतो. अशी माणसं मिळायला भाग्य लागतं.

१९ एप्रिल, रविवार

आज आईची फार आठवण आली. लातूर काही परदेश नाही, पण जिल्ह्याची हद्दच ओलांडता येत नाही. काकूंनी बळंच बसवून डोक्याला तेल लावलं. काकांनी आईशी फोनवर बोलून तिला सांगितलं, काळजी करू नका, तुमची लेक ती आमची लेक. आई रडली म्हणे, पण आनंदानं.

५ मे, मंगळवार

काकू हल्ली भाकरी जास्त करतात. दुपारी झाकलेलं ताट घेऊन कापसाच्या खोलीकडे जातात. विचारलं तर मांजर व्यालीय म्हणाल्या. मांजर भाकरी आणि वांग्याची भाजी खाते होय?

७ मे, गुरुवार

सुरज आहे तिथं.

विहिरीवर कपडे धुताना खोकला ऐकला आणि सरळ जाऊन दार उघडलं. खोलीचे मध्ये पत्रा घालून दोन भाग केलेत. आतल्या भागात बाजेवर तो पडला होता. कांद्याच्या ट्रकमध्ये लपून पाच दिवसांपूर्वी आला. अंगात एकशे तीन ताप, दम लागतोय. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता कळवते, गाडी बोलावते. काकूंनी माझे पाय धरले. काका दारात उभे होते. ते एवढंच म्हणाले, की मी लोकांच्या लेकरांना चरावरून माघारी धाडलं, आता हे कळलं तर गाव आम्हाला जगू देणार नाही. ताप उतरेपर्यंत थांबा, आमच्यासाठी. तुमी लेकीसारख्या.

मी थांबले. गोळ्या दिल्या. रोज तीन वेळा बघायचं ठरवलं.

आज मी माझं काम केलं नाही.

१० मे, रविवार

बायनाबाईंची मुलगी वैष्णवी पुण्याहून आली. सातवा महिना. नवऱ्याचं काम सुटलं, तो तिकडंच अडकला. मिळेल त्या गाडीनं, उरलेलं चालत आली. पाय फोडांनी भरलेले. काका चराच्या अलीकडे उभे. म्हणाले, नियम म्हणजे नियम. बायनाबाई पदर पसरून विनवत होत्या. शेवटी चरापलीकडच्या बंद शाळेत तिची सोय लावली. तिथं ना पंखा, ना दाराला कडी.

मी काकांच्या शेजारी उभी होते. एका वाक्यात त्यांचं तोंड बंद करता आलं असतं. मी वैष्णवीचं बीपी तपासलं आणि परत आले.

घरी येऊन काकांशी भांडले, पहिल्यांदाच आवाज चढवून. सुरजला दवाखान्यात न्या, नाहीतर उद्या मी कळवणार. ते शांतपणे म्हणाले, चार दिवस. काकूंनी मला जेवायला वाढलं नाही.

१४ मे, गुरुवार

हे मी कापसाच्या खोलीत बसून लिहितेय. रोजनिशी औषधांच्या पिशवीतच असते, म्हणून माझ्याजवळ आहे. फोन घरात चार्जिंगला.

दुपारी बाराला काकू धावत आल्या, सुरज कसंतरी करतोय म्हणून. मी पिशवी उचलली आणि पळाले. दहा मिनिटांत सगळं संपलं. डोळे मीच मिटले. काकू ऐकायलाच तयार नव्हत्या. झोपलाय, झोपू द्या, म्हणत होत्या.

मी म्हटलं, आता मोठ्या डॉक्टरांना फोन करावाच लागेल. काकांनी हात जोडले. तासभर द्या, हिला घरात नेऊन बसवतो, मग मीच फोन करतो. तोवर पोराजवळ कुणीतरी थांबायला पाहिजे. मी बाहेरच्या भागात येऊन बसले. त्यांनी मधल्या पत्र्याच्या दाराला कुलूप लावलं. मला वाटलं, काकूंसाठी.

मग बाहेरच्या दाराची कडी वाजली, आणि कुलूपही.

हाका मारल्या. चार वाजले. पत्रा असा तापलाय की हात लागत नाही.

१५ मे, शुक्रवार

सकाळी काका खिडकीशी आले. खिडकी म्हणजे भिंतीत वीतभर चौकोन, त्याला गज. माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, गावात सांगितलंय, नर्सबाईला झालाय, आमी माणुसकीनं येगळं ठेवलंय. चार दिवस निघू द्या.

मी विचारलं, मग सुरजचं काय? ते गेले.

दारावर काहीतरी चिकटवल्याचा आवाज आला. तो कागद मला न बघताही पाठ आहे. लाल अक्षरांत, प्रवेश करू नये. मीच उपकेंद्रातून आणलेल्या गठ्ठ्यातला.

दुपारी काकू. दोन भाकरी, एक तांब्या पाणी. एक तुझी, एक त्याची, म्हणाल्या. पत्र्याखालून सरकव. मी म्हटलं, काकू, तो गेलाय. त्यांनी तांब्या मागं घेतला.

सरकवली.

पलीकडे माश्या. वास सुरू झालाय.

संध्याकाळी बायनाबाई आल्या! लांबून हाक मारली. मी गजाला तोंड लावून सगळं सांगितलं, सुरजचं, कुलपाचं, सगळं. त्या जवळ आल्या. वास त्यांनाही आलाच असणार. पदर नाकाला लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, आवाज करू नका. मी उद्याच्याला माणसं घिऊन येते." लेकराची आण घेतली.

उद्या. फक्त उद्यापर्यंत.

१६ मे, शनिवार

पहाटे पलीकडे माणसांचे पाय वाजले. त्या भागाला विहिरीच्या बाजूनं दार आहे. मी ओरडले, बायनाबाई, मी इकडे! इकडे!

बाज घासत गेल्याचा आवाज.

बाहेरच्या पत्र्यात खिळ्याचं भोक आहे, त्याला डोळा लावला. प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्याला नाल्याकडे नेलं. काका आणि दोन गडी, तोंडं बांधलेली. नाल्याकाठी रचलेल्या चितेपासून लांब गावची दहाबारा माणसं, रुमाल लावून. आणि बायनाबाई. हातात आपलं रजिस्टर.

बरं वाटलं. खरं उघड झालं म्हणून. आता मला काढतील.

मग जीपवर बांधलेला भोंगा लागला. काकांचाच आवाज, मध्येच भरून आलेला. आपल्या गावाची सेवा करताना मोहिनीताई आपल्याला सोडून गेल्या. वस्तीवर शेवटपर्यंत त्यांना लेकीसारखं सांभाळलं. लांबूनच हात जोडावेत. सरकारी गाडी येईपर्यंत ठेवण्यासारखं नव्हतं.

पुन्हा एकदा सांगितलं. माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

मी ओरडत होते. भोंगा माझ्यापेक्षा मोठा.

लोकांनी हात जोडले. बायनाबाईंनीही. मग त्यांनी रजिस्टरात लिहिलं. ओळख त्यांनी पटवली असणार. या घराबाहेर मला जवळून ओळखणारं त्यांच्याखेरीज होतंच कोण —

१७ मे

काकू आल्या. गप्पा मारायला आल्यासारख्या खिडकीखाली बसल्या. वैष्णवीला काल गावात घेतलं म्हणे. बायनाबाईच्या घरी झोपलीय, पंख्याखाली. ह्यांचं मन लई मोठं.

बायनाबाईंना काय मिळालं ते कळलं. सात महिन्यांची गरोदर लेक. मी त्यांच्या जागी असते तर — नाही. नाही, मी केलं नसतं. पण दहा तारखेला चरावर मी काय केलं?

काकू पुढं म्हणाल्या, तिच्या मायला ह्यांनी फोन केला. लई रडली बिचारी. यायला परवानगी न्हाई. राख ठेवलीय म्हणून सांगितलं.

'तिच्या' म्हणाल्या. माझ्याशी बोलताना.

आई.

१८ मे

आज एकच भाकरी. मी सवयीनं अर्धी पत्र्याखाली सरकवायला गेले. काकू हसल्या. कुणाला देतोस, म्हणाल्या.

देतोस.

घसा बसलाय. ओरडलं तर फक्त हवा येते.

१९ मे

काका आले. मी हात जोडले. कुणालाच काही सांगणार नाही, लातूरला निघून जाते. त्यांनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, कुठं जाणार? तुमी तर गेलात.

मग हळू आवाजात म्हणाले, हिचं डोकं फिरलं होतं, जेवत न्हवती, विहिरीकडं धावत होती. आता जेवती. तिला वाटतं पोरगा आत हाय. राहू द्या.

ते रडत होते. रडता रडता त्यांनी कुलूप ओढून बघितलं.

२० मे

काकूंनी सुरजचा शर्ट गजातून आत टाकला. निळा, इस्त्रीचा. घाल, म्हणाल्या.

घातला नाही. म्हणून पाणी नाही.

अंगात कणकण आहे. एकशे एक.

२१ मे

"सुरज, ए सुरज." सकाळपासून. गजाशी तांब्या धरून. इतक्या मायेनं —

मी म्हटलं मोहिनी. मोहिनी. त्यांनी तांब्या जमिनीवर ओतला. माझ्यासमोर. सगळा.

२२ — की २३

पत्रा. ऊन. जीभ लाकडासारखी. सलाईनची एक बाटली पिशवीत होती ती पिऊन टाकली, खारट, काल की परवा.

शर्ट घातला. उन्हापासून जरा —

बाहेर बायनाबाईंचा आवाज आला. खरंच आला. काकूंना विचारत होत्या, बरं हाय ना सगळं. काकू म्हणाल्या, हो, लई बरं. बायनाबाई गेल्या. खिडकीकडे न बघता गेल्या. मी भोकातून पाहिलं.

तारीख नाही

"सुरज."

मी ओ दिली.

पाणी. गार. हौदातलं. दोन तांबे.

काकूंचा चेहरा — असा आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. गजातून हात घालून केस कुरवाळले. लई वाढले म्हणाल्या, उद्या कापते. आता तिसरा तांब्या भरून आणलाय. समोर धरलाय. विचारतायत, ती नर्स हुती आपल्याकडं, मोहिनी, ती कुठं गेली रं?

लिहितेय तोवर तांब्या तसाच धरून उभ्या आहेत. उत्तर पाहिजे. हात जरासा कलला. पाणी काठाशी आलंय.

आई, मी म्हटलं, ती तर —