तांबड्या कपारीचा फोटो

३ जून

डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या. बाबांच्या डोळ्यांचा मधला भाग जातोय. द्राक्षं उतरायच्या आत चेहरे दिसायचे बंद होतील, कडेकडेचं तेवढं राहील. बाबांनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "चल, कॉफी पाज."

बंदरावर बसलो. कॉफी निवली. मग बाबा एकदम — "समुद्रातली ती तांबडी कपार एकदा बघायला हवी होती. रोग आला त्या साली तिथले सगळे स्पंज सडले. परत आले की नाही, कोण जाणे!"

एवढंच. ऐंशीला टेकलेला माणूस, उभं आयुष्य समुद्राच्या तळाशी स्पंज कापण्यात गेलं, आणि मागणं हे एवढंसं. मी दुकानात दिवसभर स्पंज कातरत होते — हल्ली तेही परदेशातून येतात — आणि डोक्यात तेच.

फोटो काढून आणायचा. ठरलं!

५ जून

सिलिंडर पाठीला लावून बुडी मारायला एप्रिलपासून शिकतेय. नऊ बुड्या झाल्या. बाबांना ते मुळीच आवडलेलं नाही. "खोलातून घाईनं वर आलो आणि नळीतल्या हवेनं माझा पाय खाल्ला. तुला काय खायला घालायचंय?"

आज नोमिकोसला, म्हणजे माझ्या शिक्षकाला, कॅमेऱ्याबद्दल विचारलं. हसला. "मावशी, आधी पन्नास बुड्या, मग कॅमेरा. अजून तुम्ही पाण्यात एका जागी राहत नाही. हातात कॅमेरा आला की श्वासाकडे कोण बघणार?"

मावशी! त्रेचाळीसची आहे मी. पन्नास बुड्या म्हणजे पुढचा उन्हाळा. तोवर बाबांना दाखवून काय उपयोग?

ज्याचं जळतं त्याला कळतं.

९ जून

बोटीनं शेजारच्या कॉस बेटावर जाऊन आले. नोमिकोसला न सांगता.

दुकानातल्या मुलीनं तीन कॅमेरे मांडले. एक आगपेटीएवढा, कपाळावर लावायचा — सगळं दिसतं, पण मुंगीएवढं. दुसरा लोखंडी पेटीतला, दोन बाजूंना दोन दिवे. तो उचलायला मला तिसरा हात लागेल. तिसरा साधा, खिशातला, पारदर्शक डब्यात बसवलेला, बटण एकच. तोच घेतला. "दिवाही घ्याच," मुलगी म्हणाली, "पाण्यात तांबडा रंग सगळ्यात आधी मरतो." दिवा घेतला.

बोटीवर डबा वाचत बसले. लिहिलंय — चाळीस मीटरपर्यंत. बुडी मारायच्या माझ्या कार्डावर लिहिलंय — अठरा. कॅमेरा माझ्यापेक्षा जास्त शिकलेला!

१४ जून

कपार तीस मीटर खोल आहे. मी अठरावरून खाली रोखून फोटो काढले. उंटावरून शेळ्या हाकल्या.

बाबांनी मान तिरकी केली — हल्ली कडेनंच बघतात. "हे काय, ढग?"

नोमिकोस कॅमेरा बघून चिडला होता. तरी निळे फोटो बघून त्याला राहवेना. "पाण्यातली वस्तू भिंग फिरवून जवळ येत नसते. मधलं पाणीच चित्र खातं. आपण जवळ जायचं असतं. आणि तुम्ही जायचं नाही! कळलं?"

कळलं.

१६ जून

चुलतभावाच्या मुलीचं लग्न. जेवणं झाल्यावर पाणबुड्यांचा नाच झालाच. रांगेतला पहिला काठी टेकत पुढे येतो, पाय थरथरतो, कोसळता कोसळता सावरतो. हवेनं लुळ्या पडलेल्या माणसांचा नाच. सगळे टाळ्या वाजवतात, बायका रडतात. बाबा उठून बाहेर गेले. त्यांनी हा नाच कधी बघितला नाही. रोज तोच तर चालतात. डावा पाय, काठी, डावा पाय.

मागून गेले तर म्हणाले, "तू अठराच्या खाली जात नाहीस ना?"

"नाही हो, बाबा."

१९ जून

आज सकाळी बाबा मला "सेवास्ती" म्हणाले. सेवास्ती आत्या जाऊन सहा वर्षं झाली. दारात उजेडाकडे पाठ करून उभी होते, तोंड दिसलं नसेल.

किती घाई आहे ही!

२१ जून

खाली गेले.

नोमिकोस बोटीवर एका पाहुण्याचा गळका मास्क बसवत होता. मी सटकले. अठरा. बावीस. सव्वीस. भीती वाटली, फार वाटली. कपारीखाली शिरून दिवा लावला आणि — आहेत! हाताएवढे, डोक्याएवढे, तांबडे, काळे, एकाला एक चिकटून. मास्कमध्ये रडले. किती वेळ होते, ठाऊक नाही. घड्याळ बघायचं राहिलंच.

हात हलत होता, चित्र हलत होतं. म्हणून श्वास रोखला. सात वर्षांची होते तेव्हा बाबांनी धक्क्यावरून पाण्यात सोडून दिलेला हा पहिला धडा. नोमिकोसचा पहिला धडा नेमका उलटा — श्वास कधीही रोखायचा नाही, छाती फुगते आणि माणूस वर उसळतो. आठवला तेव्हा मी भसकन वर निघाले होते. जेमतेम ओरडून श्वास सोडला. वाटेत थांबायचं होतं, तेही जमलं नाही.

"किती खोल?" नोमिकोसनं विचारलं.

"अठरा."

संध्याकाळी बाबांना टीव्हीवर फोटो लावून दाखवला. खुर्ची पार काचेला लावली, मान तिरकी केली. मग हसले, लहान पोरासारखे. "परत आलेत गं! बघ, परत आलेत!" बोटानं काचेवर एकेक स्पंज मोजला. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर आई गेल्यापासून बघितला नव्हता.

मग बोट थांबलं.

"हे छत आहे."

"काय?"

"कपारीचं छत. वरून दिसत नाही. खाली शिरावं लागतं." टीव्ही बंद केला. "पाय कसा आहे?"

"उत्तम," म्हटलं. दमले होते, बाकी काही नव्हतं.

२२ जून, सकाळ

जिना उतरले. बाबा टोपी घालून खालच्या पायरीशी बसलेले. केव्हापासून, विचारलं नाही.

"डावा ओढतेयस."

"चप्पल सैल आहे."

"डोळे गेलेत माझे, कान नाही. एकेचाळीस वर्षं हाच आवाज ऐकतोय." इस्पितळाला फोन त्यांनी आधीच केला होता. हवेनं लुळ्या पडलेल्यांना ठेवतात ती दाबाची खोली तयार ठेवताहेत.

गुडघ्याखाली चिमटा काढला, लागला नाही. गाडी येईपर्यंत लिहितेय. बाबांनी पाठीवर हात ठेवलाय.

"वही ठेव आता. श्वास घे, पोरी. रोखू नकोस."