तबकडीला तीन भोकं

ता. ४

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझी बायको काल दोन बोटांना पट्टी बांधून माझ्याकडे आली. कपाटाच्या दारात सापडली म्हणाली. पट्टी सोडून पाहिली, तर नखाखाली चुंबकाचा चकचकीत कपचा. म्हणून हे पत्र.

चाकात बसणारी ती चपटी मोटर मला समजावू नकोस. कॉलेजात मोटरीच शिकले आणि आजवर त्याच दुरुस्त करते आहे. मधे तांब्याची वेटोळी, दोन्ही अंगांना चुंबकांच्या तबकड्या. गियर नाही, साखळी नाही, चाक थेट फिरतं. कल्पना उत्तम आहे, म्हणजे तुझी नाही. पण त्या तबकड्या एकमेकींवर झेपावतात तेव्हा मधे सापडलेल्या बोटाचा भुगा होतो. म्हणून दुसरी तबकडी तीन लांब स्क्रूंवर टेकवून हळूहळू खाली उतरवायची असते. तू स्क्रू का वापरले नाहीस?

तुझ्या अकलेची खात्री नसतानाही लोभ टिकवून असलेली,
ताई

ता. ६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून छडी खाल्ल्यासारखं वाटलं. एवढा बाऊ कशाला? स्क्रूंसाठी तबकडीला भोकं पाडावी लागतात. आरशासारखी पॉलिश केली आहे मी ती! चाकाला पारदर्शक झाकण आहे. गुरुवारी गाड्या बनवणारे लोक येतील, ते आधी तेच बघणार. आम्ही लाकडी पाचरी लावून बेताने सोडतो. त्या दिवशी एक पाचर सटकली, इतकंच. वेटोळी तिनेच गुंडाळली आहेत, तेव्हा दुसरं चाकही तीच जोडेल. डाव्या हाताने जमतं तिला. तू तुझे पंखे सांभाळ!

राग विसरून माया असू दे.
तुझा धाकटा

ता. ७

चि. धाकट्यास,
आ.

पाचर खाटेचा पाय डुगडुगला की मारतात. लोकांना आरसाच दाखवायचा असेल तर विकत आण, स्वस्त पडेल. आणि तिचा डावा हातही गेला की वेटोळी कोण गुंडाळणार, तू? तुला अजून पार्सलची दोरी धड बांधता येत नाही. तिला हात लावू देऊ नकोस.

ताई

ता. ८

सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या चाकाचं सगळं सामान घेऊन मी वन्संकडे आले आहे. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. भोकं वन्संनी पाडली. चुंबकांना चिकटलेला लोखंडाचा चुरा मी चिकटपट्टीने टिपून काढला. त्यातच दुपार गेली. मग स्क्रू आळीपाळीने सोडत तबकडी उतरवली. वन्संनी मला एकदाही जपून म्हटलं नाही. तशी वेळच आली नाही.

काल तुम्ही धुऊन वाळत घातलेल्या पाचरी मी पाहिल्या. यापुढचं एखादं चाक पाचरीवर जोडायचं असेल तर तुम्हीच जोडा.

जेवण वेळेवर करावं, ही विनंती.
तुमची

ता. १०

चि. धाकट्यास,
आ.

आज चाक न्यायला आलास आणि बायकोची बोटं बघण्याआधी तबकडीची भोकं चाचपलीस. तेव्हा तोंडी काही ठेवत नाही, लिहून देते.

तुझ्या हवाली केलं: जोडलेलं चाक एक, हाताने फिरवून दाखवलं, कुठेही घासत नाही. तीन स्क्रू, ग्रीस लावून. झाकण, पुसून. तुझ्याकडून घेतल्या: तू सोबत आणलेल्या पाचरी, सगळ्या, शेगडीत घातल्या.

तुझी बायको या यादीत नाही. बोटं बरी होईपर्यंत ती इथे आहे. पुढचं तिला विचारायचं, आणि ती सांगेपर्यंत उभं राहायचं.

ताई