मला नसलेली साखर

आये, मला साखर झाली आहे असं आपल्या अख्ख्या वाड्यात घरोघर वाटतं, आणि ती मला नाही, हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे. तुझा जावई गेला आणि माझी झोप गेली. मग भूक गेली. मग आंघोळीचाही कंटाळा यायला लागला. शाळेत पोरींच्या वेण्या तपासणारी मी, केस न विंचरता दिवसभर मागच्या पडवीत बसून राहायचे. एके दिवशी विहिरीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले, तेव्हा मात्र घाबरले आणि कोणाला न सांगता एसटीने कणकवलीला गेले. डॉक्टर तरुण होता, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, मनाच्या आजाराच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाला की यात लाजण्यासारखं काही नाही. नाही म्हणे! त्याला बोलायला काय जातंय, त्याला थोडंच आमच्या वाड्यात राहायचंय.

परतताना गाडीत नेमकी वाड्याची पुढारीण शेजारी येऊन बसली. चर्चच्या वतीने आमच्या वाड्यातली तेर्साच्या जपमाळेची प्रार्थना, आजाऱ्यांची विचारपूस, सगळं तीच बघते. माझ्या मांडीवरचं औषधाचं पाकीट बघून तिने विचारलं, साखर काय गो? मी मान हलवली. एवढंच केलं मी, आये. एक मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

आपली माणसं तुला सांगायला नकोत. रविवारी मिसेची प्रार्थना संपली, चर्चच्या पडवीत चहा आला, तर माझा कप वेगळा, बिनसाखरेचा. दुसऱ्या दिवशी उजाडताच बायका दारात हजर, चल चालूक म्हणून. मग रोज किनाऱ्यावरून चालणं, वाळूतून, अनवाणी. कोणी कारल्याचा रस आणून समोर उभं राहायचं, मी पिऊन कप रिकामा दाखवीपर्यंत. नाताळात घराघरांतून फराळाची ताटं फिरली. सगळ्यांना गोड नेवऱ्या आणि गुळाचं दोदोल, माझ्या ताटात भाजलेले चणे आणि एक पेरू. दोदोलवर जीव टाकणारी मी तो पेरू चावत बसले. हसतेस ना? हस. मलाही तेव्हा हसू आलं होतं, कितीतरी महिन्यांनी.

आणि खरं सांगायचं तर त्यांनीच मला उठवलं. गोळ्यांनी झोप दिली हे खरं, पण सकाळी दारावर थाप पडते म्हणून मी केस विंचरायला लागले. आजार भलताच सांगितला होता तरी गुण येत होता. मला तुझी आठवण यायची. वाड्यात कोणी आजारी पडलं की घरं पाळीने पेज पोचवायची, आणि तुझी पाळी आली की तू चुलीवर उकड्या तांदळाची पेज ठेवून मला डब्याचं झाकण शोधायला पिटाळायचीस. खाडीकडच्या घरात एक बाई होती, काळोखात भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. तिच्याकडे तू आपली पाळी नसतानाही जायचीस आणि तिची वेणी घालून यायचीस. मी एकदा वाटेत विचारलं की तिला झालंय तरी काय. तू तिथेच थांबून मला झापलंस. "आजाराचा नाव इचारूचा नाय. पेज गरम आसा तवसर पोचवूची." तू असतीस तर मला खोटं बोलावं लागलं नसतं, असं म्हणून मी कितीतरी दिवस स्वतःची समजूत घातली. पण ते काही खरं नाही. मी तुझ्याशीही खोटंच बोलले असते.

आमच्याकडे एक निवृत्त नर्सबाई आहे. महिन्यातून एकदा मिसेनंतर ती चर्चच्या पडवीत टेबल टाकून सगळ्यांचं बीपी बघते, बोटाला सुई टोचून साखर बघते. माझी साखर दर वेळी उत्तम. का नसणार? मशीन बघून बायका एकमेकींना टाळ्या द्यायच्या. चालणं फळलं, कारलं फळलं, तेर्स फळला. शेवटी एका रविवारी फादरनी वेदीवरून सांगितलं की मनात आणलं तर काय होतं ते आपल्या टीचरकडून शिका, आणि मला उभं राहायला लावलं. मी उभी राहिले. आये, मी नुसती उभी नाही राहिले, मी हसलेसुद्धा.

त्या मिसेला पाववाल्याची सून होती. तिला खरीच साखर, धाकट्याच्या वेळेपासूनची. तीही आमच्याबरोबर चालायला यायला लागली. एका दुपारी ती माझ्याकडे आली ती लंगडत, पायाला फडकं गुंडाळून. वाळूत शिंपला लागला होता आणि जखम भरतच नव्हती. फडकं सोडलं तर अंगठा काळसर पडलेला. मी विचारलं, गोळ्या घेतेस ना? तर म्हणाली, कधीच सोडल्या. टीचरसारखं कारलं पिते, चालते, प्रार्थना करते. आता तेवढ्याने भागत नाही असं दिसतं, म्हणून मागायला आलेय.

"टीचर, तुमची गोळी माका द्या. तुमका ती बरी लागू पडली."

तिने हात पुढे केला होता. तेव्हा मी बोलले, खाली बघूनच. "ती साखरेची न्हय गो. माझ्या डोक्याची आसा. माका साखर नाय."

ती रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती पायाला फडकं पुन्हा गुंडाळायला लागली आणि म्हणाली, "मगे तुमी इतके दिवस बिनसाखरेची चाय कित्याक पिलात?" रिक्षा बोलावून मी तिला तसंच दवाखान्यात नेलं. अजून थोडे दिवस गेले असते तर अंगठा काढावा लागला असता, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आता जखम भरतेय, पण सावकाश. नर्सबाई घरी जाऊन पट्टी बदलते, तिच्या पोरांचं जेवण पाळीने जातं, आणि एक पाळी माझीही असते.

परवा मी पेज घेऊन गेले तर तिथे पुढारीण आणि आणखी दोघी बसल्या होत्या. त्या तिला बोलत होत्या, गोळ्या सोडायचा शहाणपणा तुला कोणी शिकवला म्हणून. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "माझोच येडेपणा," म्हणाली. मी हातात डबा घेऊन उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं मला, तिच्यासमोर एकदा बोललेलंच. मी वाटी शोधायला आत गेले आणि त्या निघून जाईपर्यंत स्वयंपाकघरातच राहिले. माझी लाज ती पोर पांघरून बसली आहे, काळा पडलेला अंगठा घेऊन, आणि मला त्याची चीड यायच्या ऐवजी हायसं वाटलं. हेच तुला सांगायचं होतं. असली लाज मला त्या आजाराचीही कधी वाटली नव्हती.

हे पत्र मृतांच्या दिवशी तुझ्या कबरीवर फुलांखाली ठेवायचं ठरवलं होतं. पण आता वाड्यातल्या बायका मिळून सगळ्याच कबरी साफ करतात, कोणाची कोणती ते बघत नाहीत. फुलं उचलली की कागद कोणाच्या तरी हाती लागणार. वाचतील तर वाचू देत, असं म्हणण्याइतकी मी अजून बरी झालेली नाही.