अर्ध्या किमतीचे इअरफोन आणि अंबूआत्याचा गळा

पुणे
१७ एप्रिल २०२५

चि. प्रसेनजीत यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. सख्ख्या बहिणीचा. म्हणून जेवणाच्या सुट्टीत पोस्टात जाऊन पाकीट घेऊन आले. बँकेतल्या मैत्रिणीनं विचारलं, कुणाला लिहितेस, तर सांगायची लाज वाटली की धाकट्या भावाला, कारण तो फोन उचलत नाही.

आईनं मला सगळं सांगितलं आहे. जयंतीला विहारापुढं अंबूआत्याच्या गाण्यांचं तू केलेलं रेकॉर्डिंग लावलंत, दुसरं गाणं संपायच्या आत आत्या उठून घरी गेली, आणि तू घरी येऊन सगळं खापर मी तुला पाठवलेल्या इअरफोनवर फोडलंस. मला काय दुःख झालं नसेल? बाबांच्या पाठची ती एकच बहीण. आपण पाळण्यात होतो तेव्हापासून बावड्याची जयंती तिच्या गाण्याशिवाय सुरू झालेली नाही. तिचा आवाज पहिल्यांदा नीट कुठंतरी राहणार होता, आणि ते काम माझ्या भावाच्या हातात होतं, हे मी इथं दहा जणींना सांगत सुटले होते.

आता इअरफोनचं. तू वर्षभर मोबाईलवर ज्यांचे फोटो बघत बसायचास, तेच मी घेतले. सेल होता, अर्ध्या किमतीत मिळाले, घेतले. आणि घेतल्या दिवशीच तुला सांगितलं होतं की ओपन बॉक्स डिलिव्हरी मागितली आहे, डिलिव्हरीवाला दारात उभा असतानाच डबा फोड, फोडताना व्हिडिओ काढ, आणि आतल्या कार्डावरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघ. यातलं एक तरी केलंस का? आईच्या बोलण्यातून आत्ता कळलं की डबा मार्चमधल्या पौर्णिमेपर्यंत कपाटावर तसाच बंद ठेवला होता. परत करायची मुदत त्यातच संपली. बँकेत मी रोज परक्या लोकांना हेच समजावते. माझ्याच घरात कुणी ऐकत नाही.

तुझ्यावरची माया कमी झालेली नाही, पण ती आता पोस्टानंच येईल.

तुझी,
प्रीतीताई


कसबा बावडा
२३ एप्रिल

ती. ताईस,
सविनय जयभीम.

कागदावर लिवलंस म्हणून कागदावर उत्तर देतोय. नंबर उघडलेला न्हाय.

डबा मी बंद ठेवला न्हवता. डिलिव्हरीवाला आला तवा मी मंडपाच्या कामाला गेलतो. तो निघाला मुरगूडचा कृष्णात, आईच्या माहेरच्या गल्लीतला. मग काय, पावणं म्हणून बसवलं, पोहे केले, चहा केला. तो बिचारा आपणहून म्हणत हुता की मावशी, डबा फोडून बघा, मला फोटो काढाय लागतोय. आई म्हणाली की लेकीनं भावाला आहेर पाठवलाय, तो आणणाऱ्याच्या तोंडासमोर फोडून बघायचा म्हणजे त्याचा अपमान. ओटीपी सांगून त्याला वाटंला लावलं. आणि डबा ठेवला कपाटावर, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं. म्हणाली की पौर्णिमेला वंदना घेऊन उघडू, लेकीची पहिली एवढी मोठी वस्तू हाय. आता मी आईला काय बोलू? तू असतीस तर बोलली असतीस?

आता माझं ऐक. परवा मी कोल्हापुरात कंपनीच्या सर्व्हिस काउंटरला जाऊन आलो. तिथल्या बाईनं कार्डावरचा नंबर टाकला आणि सांगितलं की असा नंबर आमच्याकडं नोंदच न्हाय. डबा हुबेहूब, माल नकली. मग तिनं बिल मागितलं. तू पाठवलेलं बिल मी तिच्यासमोर उघडलं आणि मला घाम फुटला. विकणाऱ्याचं नाव तू वाचलंस तरी काय, ताई? कंपनीचं दुकान न्हाय, कंपनीनं नेमलेला व्यापारी न्हाय, कुठला तरी कालपरवा उगवलेला. वॉरंटीच्या जागी शून्य. दुनियेला शानपन शिकवतीस आणि स्वतः सेलची पाटी बघून बटण दाबतीस.

त्यात काय झालं ते तुला सांगतो म्हणजे कळंल. गाण्यात आत्याचा आवाज किती आणि ढोलकी-झांज किती ठेवायची ते, म्हणजे मिक्स, मी त्या इअरफोनात ऐकून करत हुतो, आणि त्यात तिचा आवाज कर्कश्श यायचा, कानात टोचायचा. मला वाटलं, भारी वस्तूत असंच बारीक बारीक ऐकू येत असंल, आपल्याच कानाला सवय न्हाय. म्हणून मी तिचा आवाज खाली घेतला. परत खाली घेतला. विहारापुढच्या मोठ्या स्पीकरवर लावलं तर नुसती ढोलकी आणि झांज. आत्या कुठं तरी लांब विहिरीत बसून गातीया असं वाटत हुतं. लोक एकमेकांकडं बघाय लागले.

आत्यानं निरोप धाडलाय की ते सगळं पुसून टाक. दारात गेलो तर दार उघडत न्हाय. पुढच्या महिन्यात नृसिंहवाडीच्या बाजूला एका लग्नाचं साउंडचं काम मिळालं हुतं, तेबी गेलं. हे तुझ्या स्वस्तातल्या आहेरानं झालं.

लोभाचं काय ते तू ठरव.

प्रसेनजीत


पुणे
२८ एप्रिल

चि. प्रसेनजीत यास,
जयभीम. वि. वि.

तुझं पत्र बँकेतच वाचलं आणि वॉशरूममध्ये जाऊन रडून आले. मग राग आला. रडण्यापेक्षा तो बरा.

होय, विकणाऱ्याचं नाव मी वाचलं नाही. साइट मोठी आहे, एवढंच बघितलं. मोठ्या बाजारात भुरटा माणूसही पथारी टाकून बसतो, हे मला कळायला हवं होतं. साइटकडं तक्रार केली, तर मुदत संपली म्हणून त्यांनी हात वर केले. ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, सायबरची तक्रारही ऑनलाइन टाकली. त्या विकणाऱ्याचं दुकान साइटवरून गायब झालं आहे. काल त्याच फोटोंसकट दुसऱ्या नावानं परत उघडलेलं दिसलं. बघून इतकी आग झाली की मोबाईल भिंतीवर मारणार होते.

पण तुला मी सोडणार नाही. आत्याचा आवाज तू जन्मल्यापासून ऐकतोस. तिच्या ओसरीवर झोपून मोठा झालास. तो आवाज कर्कश्श येतोय म्हटल्यावर एकदा तरी ते कानातून काढून साध्या स्पीकरवर ऐकावंसं वाटलं नाही तुला? मी भरवसा ठेवला होता तुझ्या कानांवर. तू ठेवलास डब्यावरच्या नावावर. मग आपल्या दोघांत फरक काय राहिला रे?

आणि आत्याचंही मला पटलेलं नाही. पोराकडून चूक झाली तर दार लावून बसायचं? एवढा कसला ताठा? तुला बोलायचं नसेल तर मी तिला फोन करून विचारते.

राग उतरला की लिही, नाही उतरला तरी लिही.

तुझी,
ताई


कसबा बावडा
२ मे

चि. प्रीती आनि चि. प्रसेनजीत, दोघास्नी आईचा आशीर्वाद आनि जयभीम.

ह्ये एकच पत्र लिवलंय आनि झेरॉक्स काढलीया. एक पुन्याला टाकली, एक ह्या शहान्याच्या उशाखाली ठेवली. एका घरात ऱ्हाऊन माझ्याशी धड बोलत न्हाय, मग मी काय करू.

प्रीती, तुझा फोन आला की तू इअरफोनचं बोलतीस. ह्यो घरात इअरफोनचं बोलतोय. डबा कोन फोडला, नाव कोन वाचलं. माझ्यावर बी ढकला की, मी काय नगं म्हनते? व्हय, मी डबा फोडू दिला न्हाय. पावन्याफुडं आहेर फोडायची आमची रीत न्हाय. तुमच्या बाजारात पावना आनि चोर एकाच दारानं येत्यात, ह्ये मला कसं कळावं? पुढच्या खेपंला दारातच फोडीन, व्हिडिओ बी काढीन. झालं?

पर काल मी अंबूवन्संकडं गेलते. मागच्या दारानं गेले. चुलीम्होरं बसल्या हुत्या, गळ्याला फडकं गुंडाळलेलं. मला वाटलं थंडी वाजतीया. तर म्हनल्या की वैनी, दवाखान्यात जाऊन आले, डाक्टर म्हनतोय गळ्यात काय न्हाय. पर त्याला काय कळतंय, मी माझ्या कानानं ऐकलं की. आवाज गेला माझा. समद्या बायकांनी बी ऐकलं. मागं बसलेली एक जन म्हनली बी, म्हातारी संपली आता. म्हनून पोराला पुसून टाक म्हनले, माझ्या मागं माझं हसं नगं.

आता कळलं का? ती तुमच्यावर रागवून उठली नव्हती रे. ती लाजून उठली. तवापासून ती बाई येक ओळ म्हनलेली न्हाय. जात्यावर, पानी भरताना, नातवाला निजवताना, कशाला न्हाय.

तुमी दोघं शिकलेली. पत्रं लिवताय, तक्रारी टाकताय, काउंटरवर जाताय. त्या बाईला जाऊन तुमच्यातल्या येकानं तरी सांगितलं का, की आत्या, तुझा गळा चांगला हाय, खोट आमच्या यंत्रात हुती? मी बी न्हाय सांगितलं, मला ठावं नव्हतं. तुमास्नी ठावं हुतं.

जास्त लिवत न्हाय.

तुमची आई,
आक्काताई


कसबा बावडा
१३ मे

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

नंबर उघडलाय. पण हे फोनवर सांगाय जमणार न्हाय.

आईचं पत्र वाचलं त्याच दिवशी आत्याकडं गेलो. मागच्या दारानं. तिला सांगितलं की आवाज मी दाबला हुता, नकली वस्तूवर इसवास ठेवून. तिला खरं वाटंना. म्हणाली की म्हातारीचं मन राखाय आलायस. मग मी नुसता तिचा आवाज ठेवला, ढोलकी न्हाय, झांज न्हाय, आणि साध्या स्पीकरवर तिच्या फुड्यात लावला. पहिली ओळ आली आणि ती हलायची थांबली. सगळी गाणी ऐकली. गळ्याचं फडकं सोडून मांडीवर ठेवलं.

मला वाटलं आता जवळ घेईल. उलटं मला धू धू धुतला. म्हणाली की तीन आठवडे मी स्वतःला मेलेली समजत हुते, ज्येष्ठमध चघळून जीभ सोलली, आणि तुला ठाऊक असून तू गावात इअरफोनच्या नावानं बोंबलत फिरत हुतास. ज्यांनी ऐकलं त्यांच्याफुडं सांग, मला एकटीला सांगून काय उपयोग. मग हात धरून दाराबाहेर काढला.

काल बुद्धपौर्णिमेला वंदना झाल्यावर मी विहारात उभा राहिलो. सगळे बसले हुते, ती मागं बसलेली बाईपण. सांगितलं की आत्याचा गळा कुठं गेला नव्हता, माझी अक्कल गेलती. तुझं नाव घेतलं न्हाय. नवीन मिक्स लावाय स्पीकर जोडाय लागलो, तर आत्या उठली आणि हातानंच बंद कर म्हणाली. आणि तशीच उभी राहून गायली, माईक न्हाय, काय न्हाय. रस्त्यावरनं जाणारी ट्रॅक्टरवाली माणसं थांबली. ताई, मी भिंतीकडं तोंड करून बसलो हुतो.

आत्या अजून माझ्याशी बोलत न्हाय. पण आज सकाळी भांडी घासताना गात हुती. मी बोळातनं जाताना दिसलो, तर आवाज आणखी चढवला.

तू लवकर ये.

तुझा,
प्रसेनजीत