अडलेल्या प्रश्नांची यादी

१४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण कामापुरता चालतो. भावोजींचा खोकला हटत नाही असं मामाकडून कळलं. आता कसा आहे? अकरा वर्षांनी पत्र लिहायचं आणि सुरुवात खोकल्याने करायची, हसशील.

बातमी अशी की आमचं सर्च इंजिन शुक्रवारी बंद झालं. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सुरू झालं तेव्हा आम्ही सहाजण वेबसाइट स्वतः वाचून याद्या करायचो. मग पानं धुंडाळणारा प्रोग्रॅम आला. मग मोठ्या कंपन्या आल्या. त्यांच्यापुढे टिकाव लागावा म्हणून साहेबांनी पडद्याच्या कोपऱ्यात एक वेणीवाली बाई बसवली, विचाराल त्याचं उत्तर देणारी. डोकं तिला नव्हतंच. ठरावीक प्रश्नांना ठरावीक उत्तरं, आणि ती सगळी मी लिहिलेली. साहेब म्हणाले, "बाई घरातली वाटली पाहिजे." घरातली म्हटलं की मला एकच बाई सुचते. लहानपणी कात्री हरवो की मोजा, मी तुलाच विचारायचे. काही सापडलं नाही की आमची बाईही म्हणायची, "नीट शोधलंस का? डोळे उघडून बघ." लोकांना फार आवडायचं. तुझी परवानगी घ्यायची तेवढी राहिली.

ती बाई सुरू झाली त्याच आठवड्यात आई दवाखान्यात होती आणि मी आले नाही. तू फोनवर म्हणालीस, "आई कशी आहे ते तुझ्या त्या बाईलाच विचार." मी फोन आपटला. आई गेली तेव्हा पाहुण्यासारखी येऊन गेले. चूक माझी होती, ताई.

आता खरं ते सांगते. बाई ज्या प्रश्नांना अडायची त्यांची यादी दर सोमवारी माझ्या टेबलावर यायची. विचारणाऱ्याचं नाव नसायचं, फक्त प्रश्न. आई गेल्यावर दोन महिन्यांनी त्यात एक ओळ होती. "नमस्कार. घुमी आमच्याशी बोलत नाही. काय करावे? कळावे."

यंत्राला नमस्कार, आणि शेवटी कळावे! असं लिहिणारी जगात एकच. मला घुमी म्हणणारीही तीच. पुढे बाईचं उत्तर होतं, "नीट शोधलंस का? डोळे उघडून बघ."

ताई, ते मी म्हटलं नव्हतं गं. अडली की ती तेच म्हणायची. पण तुला तुझंच बोलणं ओळखू आलं असणार, आणि मी टोमणा मारला असं वाटलं असणार.

तेव्हाच फोन उचलायला हवा होता. मी काय केलं, तर तुझ्या प्रश्नाला नवं उत्तर लिहून ठेवलं आणि तू पुन्हा विचारशील म्हणून वाट बघत बसले. शुक्रवारी सगळं बंद करण्याआधी शेवटचं पाहिलं. चार हजार उत्तरांपैकी ते एकच असं, जे एकदाही कुणाला गेलं नव्हतं.

म्हणून हाताने लिहून पाठवते. "घुमी रागावलेली नाही, तिला लाज वाटते आहे. ये म्हणालात तर येईल."

नंबर तोच आहे. मी 'कळावे' लिहीत नाही. तू कळव.

तुझी,
घुमी