फ्रिजवरचा कागद

दहिसर,
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मालनताई,
सप्रेम नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. निलेशचा खोकला गेला. वरच्या मजल्यावर पुन्हा तोडफोड चालू झालीय, डोकं उठलंय नुसतं. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून कित्येक वर्षांनी कागद-पेन घेऊन बसलेय. फाडू नका, शेवटपर्यंत वाचा.

बाबांच्या तेराव्याला चपला घालता घालता तुम्ही विचारलंत, "निलेश, माझ्याविरुद्ध बाबांचे कान कोणी भरले रे? चार महिने माझ्याशी धड बोलले नाहीत." उत्तर माझ्याकडे होतं. आणि मी चहाचा ट्रे घेऊन आत सटकले.

बाबांचे ढेकर तुम्हाला काय सांगायचे! साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर दहा मिनिटांत डबा संपवलेला माणूस. घरीही तसंच, भराभर घास आणि वर गप्पांचा सपाटा. शेवटी असा ढेकर द्यायचे की शेजारच्या रेवतीला कळावं, धोंडिरामांचं जेवण झालं. आम्ही हसायचो. पण गेल्या वर्षी ढेकर दिवसभर येऊ लागले. गणपतीनंतर तेजलच्या होणाऱ्या सासरची मंडळी जेवायला आली, तर ऐन पानावर चार ढेकर. विहीणबाईंनी रुमाल नाकाला लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणे गेल्यावर मी बाबांना नको नको ते बोलले. "तुमच्यापायी पोरीचं लग्न मोडेल," असंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: सावकाश चावून जेवा, जेवताना बोलू नका, पोटात हवा जाते. सोडा बंद. चहा भुरके मारत पिऊ नका. तो कागद मी फ्रिजवर चुंबकाने लावला, बरोबर बाबांच्या ताटासमोर.

त्यांनी तो शब्दन् शब्द पाळला. आमटी हवी असली तरी वाटीकडे बोट करायचे. तेजल एकदा वैतागून म्हणाली, "आजोबा, बोला ना यार!" त्यांनी फ्रिजकडे बोट दाखवलं. मग हात धुऊन आल्यावर म्हणाले, "बोललंय तर वारो पोटात जाता गो."

तुमचा फोन यायचा दर रविवारी दीडला, नेमका ते पानावर असताना. "जेवतंय गो" एवढं म्हणून ते फोन निलेशकडे द्यायचे. जेवण आटपलं की "मालनाक लाव" म्हणायचे, तोवर तुमची ड्युटी सुरू झालेली असायची. ते तुमच्यावर रागावले नव्हते, ताई. कोणी त्यांचे कान भरले नव्हते. ते फक्त माझं ऐकत होते.

आणि मला ते दिसत होतं. "बाबा, बोला हो, येऊ देत ढेकर" एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. घर शांत झालं होतं आणि मला बरं वाटत होतं.

ढेकर काही थांबले नाहीत. शेवटच्या दिवसापर्यंत येत होते.

काल फ्रिज पुसताना तो कागद काढला. मागच्या बाजूला डॉक्टरांनी आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या. "कवळी फार सैल आहे. तिच्यामुळे हवा गिळली जाते, ढेकर बहुतेक त्यानेच, आधी ती बसवून घ्या." पाच महिने तो कागद माझ्या डोळ्यांसमोर होता, मी एकदाही उलटून बघितला नाही. बोलताना बाबांची कवळी खुळखुळायची, हे तर सगळ्या घराला माहीत होतं.

कागद सोबत पाठवतेय. निलेशलाही अजून दाखवलेला नाही, आधी तुम्हाला.

आज दीड वाजता जेवायला बसलो, तर निलेशने सवयीने फोन ताटाशेजारी ठेवला. फोन वाजला नाही.

माझ्यावर हवा तेवढा राग धरा. बाबांवर धरू नका.

त्यांना गप्प बसवणारी त्यांची सून,
दीप्ती